पाणी येथपर्यंत

आमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर, तेलाचे डबे मांडायच्या फळीच्याही वर, पेन्सिलीनं ओढलेली एक आडवी रेघ आहे. सुताराच्या कानावर खोचलेली असते तसल्या जाड पेन्सिलीची. रेघेशेजारी वडिलांच्या वळणदार, खातेवहीतल्या अक्षरात दोनच शब्द आहेत, ‘पाणी येथपर्यंत’, आणि खाली साल, २००५. बोलताना वडील ‘इथवर’ म्हणायचे. लिहिताना मात्र ‘येथपर्यंत’. पुराशी बोलायचं तर जरा अदबीनं बोललेलं बरं, असं त्यांना वाटलं असावं.

त्या रेघेच्या वीतभर वर दुसरी रेघ आहे, माझ्या भावाची. ती मार्करची, जाड, काळी. तिच्याजवळ शब्द नाहीत, नुसती तारीख: २२ जुलै २०२१. दोन रेघांच्या मधल्या वीतभर जागेत एका पिढीचं वय मावलंय. परगावचे पाहुणे दुकानात आले की आधी रेघ बघतात, मग तिच्याखाली उभं राहून आपली उंची ताडून बघतात, आणि मग नकळत त्यांची नजर दाराकडे जाते.

मी आता पुण्यात असते. पण बाजारपेठेत वळून दुकानाची पायरी चढले की अजूनही पहिल्यांदा नाकच बोलतं. धने, सुकं खोबरं, तागाची पोती, आणि त्यांच्या तळाशी, कितीही वेळा फिनेल मारा, कितीही वेळा चुना लावा, दगडाच्या सांध्यांत मुरून बसलेला नदीचा तो गार, लोखंडी, गाळाचा वास, जो पूर ओसरल्यावर आठवडाभर अख्ख्या पेठेवर ओल्या गोधडीसारखा पसरलेला असतो आणि नंतर गेला गेला म्हणता म्हणता श्रावणातल्या एखाद्या दमट दुपारी मिठाच्या पोत्यामागून हळूच परत येतो.

जुना भाडेकरूच तो.

आमचं महाड पाहुण्याला दाखवायचं म्हणजे शेवटी पाणीच दाखवायचं. सावित्री महाबळेश्वरात उगवते, घाट उतरून पोलादपुरावरून आमच्याकडे येते, इथे तिला गांधारी भेटते, आणि पुढे ती नदी राहत नाही, खाडी होते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. एकेकाळी त्या खाडीतून गलबतं वर चढून इथल्या बंदराला लागायची. बंदर म्हणून पेठ, आणि पेठ म्हणून गाव. आषाढात महाबळेश्वरावर ढग फुटतात तेव्हा वरचं लाल पाणी खाली धावत सुटतं. त्याच वेळी खालून भरती चढत असली तर दोघांची गाठ आमच्या पेठेच्या तळाशी पडते. म्हणून इथला जुना दुकानदार पावसाळ्यात आकाशाकडे कमी आणि कालनिर्णयातल्या तिथीकडे जास्त बघतो. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि वरचा पाऊस एकाच दिवशी आले, की माल न बोलता वरच्या फळ्यांवर चढायला लागतो. आधी साखर, मग पीठ. मीठ सगळ्यात शेवटी, कारण तोवर हात दमलेले असतात.

पाटबंधारे खात्यानंही रेघा ठरवल्या आहेत. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा पाणी जिथवर येईल असा हिशेब. लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. वडिलांना हे कळलं तेव्हा ते गल्ल्यावर बसून सुट्टे पैसे मोजत होते. मान वर न करता म्हणाले, “नदीला कळवलंय का कुणी?”

गावाच्या खुणा म्हटलं की पुतळे, कमानी, कोनशिला आठवतात. आमच्याकडेही त्या आहेत. १७९६ साली नाना फडणवीस पुण्याच्या राजकारणातून निसटून इथे येऊन बसले आणि इथूनच त्यांनी मोहरे हलवले. त्यातून जो तह झाला त्याला इतिहासाच्या पुस्तकात महाडचा तह म्हणतात. शाळेत तो धडा आला की वर्ग उगाचच ताठ बसायचा. पण पेठेत त्या तहाची आठवण कुणाच्या बोलण्यात येत नाही. विरेश्वराचा छबिना मात्र पोरासोरांच्या अंगात असतो. महाशिवरात्रीच्या जत्रेत गावोगावच्या देवांच्या पालख्या येतात, रात्रभर ढोल घुमतात, आणि पहाटे घरी परतणाऱ्या पोरांच्या डोळ्यांत गुलाल आणि झोप एकत्र कालवलेले असतात. जे पायांनी चालून झालंय तेच गाव लक्षात ठेवतं, असं मला वाटतं. सह्या करून झालेलं विसरतं.

काही खुणा तर नाहीशा होऊनच खुणा झाल्या. पोलादपूरच्या वाटेवर सावित्रीवर दगडी कमानींचा पूल होता, १९२८ साली बांधलेला. पुलावर एसटी आली की आई पदराच्या गाठीतून सुट्टं नाणं काढायची, खिडकीच्या गजांमधून हात घालून ते नदीत सोडायची आणि तोच हात कपाळाला लावायची. नाणं पाण्यात पडल्याचा आवाज कधी ऐकू यायचा नाही. मी दर वेळी कान लावायची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, मुसळधार पावसात, अंधारात, तो पूल पुरानं नेला, आणि पूल आहेच या भरवशावर आलेल्या दोन एसट्या आणि एक मोटार त्या नसलेल्या पुलावरून नदीत गेल्या. पुढचे कित्येक दिवस नदी शोधत लोक खाडीपर्यंत फिरत होते. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये सुरू झाला. रुंद आहे, दिव्यांचा आहे. त्याच्यावरून जाताना माझा हात अजून कपाळाकडे जातो. फक्त नाणं टाकावंसं वाटत नाही.

आणि एक खूण अशी, की जिच्याखालून आम्ही शेकडो वेळा गेलो आणि मान वर केली नाही. गावाबाहेर, मुंबईच्या रस्त्याला लागून, गांधारपाल्याच्या डोंगरात लेणी आहेत. एसटीतून खांबांची काळी ओळ दिसायची. लहानपणी ती आम्हाला पांडवांची. पुढे कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात वर चढून गेले. आत वटवाघळांचा वास, थंड फरशी, आणि बाहेरच्या उन्हाचा एक चौकोन आतल्या बुद्धापर्यंत पोचता पोचता दमून थांबलेला. तिथल्या शिलालेखात काणभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमारानं दिलेलं दान कोरलेलं आहे: लेणं, चैत्यगृह, भिक्षूंच्या खोल्या. आणि पाण्याची टाकी. आणि लेण्याकडे जाणारी वाट. पुस्तकात हे वाचलं तेव्हा मी पुन्हा एकदा वर गेले, फक्त टाक्यांसाठी. कातळात खोदलेला चौकोन, कडेला नेचे, पाण्यावर एक पान. ओंजळ घालावी तर आतून डोंगराचा गारवा मनगटाशी येऊन थांबला. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी डोंगर फोडून वाटसरूसाठी पाणी ठेवलं होतं, आणि पाण्यापर्यंत यायला वाटही ठेवली होती.

वाट न ठेवता पाणी ठेवण्याची कला माणसाला पुढे साधली.

आता तळ्याशी यायला हवं. तसे सुरुवातीपासून आपण त्याच्याचभोवती फिरतोय. आमचं सगळं लहानपणही तसंच गेलं, तळ्याच्या भोवती. पेठेतून घरी जायचं तर तळ्याच्या कडेनं, शाळेला उशीर झाला तर तळ्याच्या कडेनं पळत. चौकोनी, दगडी बांधाचं, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारं चवदार तळं. आता कठडा आहे, बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, कोरलेली अक्षरं आहेत. नावाबद्दल दोन मतं. पाण्याला चव, म्हणून चवदार, हे सरळ. आणि म्हातारी माणसं सांगायची की तळ्याच्या पोटात चौदा विहिरी आहेत, म्हणून ते चौदार. मला लहानपणी अर्थातच चौदा विहिरी पसंत होत्या. दुपारी कुणी नसताना पायरीवर बसलं की वाटायचं, या शांत हिरव्या पाण्याखाली चौदा काळे डोळे मिटलेले आहेत.

पाणी पावसाचं आणि झऱ्यांचं. भोवती बांध, बांधापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे घरं. त्या घरांत आमचंही एक.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनं त्याला धरून आपलं तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ साली केला. कागदावर तळं खुलं झालं. पायऱ्यांवर काही झालं नाही. तीन वर्षं तो ठराव दप्तरात पडून राहिला, पाणी तळ्यात पडून राहिलं. १९ मार्च १९२७ ला इथे अस्पृश्यांची परिषद भरली. गावोगावची हजारो माणसं आली, आणि एवढ्या तळ्याच्या गावात त्या माणसांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चपापले. आमच्या दुकानात सगळ्याचा भाव लिहिलेला असायचा, पाण्याचा तेवढा नव्हता. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, ती माणसं रांगेनं पेठेतून निघाली आणि तळ्यावर गेली. बाबासाहेब पायऱ्या उतरले, वाकले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. मागोमाग सगळे. मार्चातलं ऊन, पाण्यावर पडलेल्या वाकलेल्या सावल्या, हजारो ओंजळी, आणि बोटांच्या फटींतून परत तळ्यात गळणारं पाणी. मी डोळे मिटले की मला आवाज ऐकू येतो तो फक्त त्या गळणाऱ्या थेंबांचा, घोषणांचा नाही. नंतर कुणीतरी हूल उठवली की आता हे विरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परतीच्या वाटेवरच्या माणसांवर लाठ्या घेऊन गाव धावून गेलं.

आमचं गाव.

मग तळं शुद्ध करण्यात आलं. १०८ घागरी पाणी काढून, त्यात दही, दूध, शेण, गोमूत्र मिसळून, मंत्र म्हणत ते पुन्हा तळ्यात ओतलं. हे सगळं पुस्तकात आहे आणि मी ते इतक्या वेळा वाचलंय की ते माझ्यासाठी पुस्तकातलंच होऊन बसलं होतं. एक संध्याकाळ सोडून.

आजीचं माहेर-सासर दोन्ही याच गावातलं, एका आळीतून दुसऱ्या आळीत. ती विरजण लावायला बसली होती. तिचा रोजचा सोहळा असे: कोमट दुधाचा थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकायचा, क्षणभर डोळे मिटायचे, मग चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच दही घेऊन ते दुधात अलगद सोडायचं आणि गाडग्यावर थाळी ठेवायची. मी कॉलेजातलं काहीतरी वाचत होते, तावातावानं तिला सांगत होते. ती ऐकतेय असं वाटत नव्हतं. थेंब मनगटावर टाकून, डोळे मिटलेले असतानाच ती म्हणाली, “दही आमच्याकडनंही गेलं होतं.”

“कुठे?”

तिनं नुसती हनुवटी हलवली. तळ्याच्या दिशेनं.

“मी दहा-अकराची असेन. आई पुढे, मी गाडगं धरून मागे. सगळ्या आळीनं दिलं. देणार नाही कोण म्हणतंय.” चमचा तिनं दुधात सोडला. “आणि रात्री विरजणाला घरात थेंब नाही. शेजारी मागायला गेले, त्यांच्याकडे नाही. त्यांच्या शेजारी नाही. सगळ्यांचीच गाडगी रिकामी. दोन दिवस आळीत कुणाकडे ताक नव्हतं.”

तिनं थाळी झाकली. त्यावर वरवंटा ठेवला, मांजरासाठी. पुढे काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. बाहेर दिवेलागणीची वेळ होती, माजघरात उजेड उतरत चालला होता, आणि त्या थाळीखाली, अंधारात, दूध आपलं गुपचूप दही होऊ लागलं होतं. तिला वाईट वाटत होतं का? लाज? तेव्हाही समजलं नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या मनावर एवढंच उमटलं होतं, की एक दिवस अख्ख्या आळीचं विरजण संपलं.

मी त्या रात्री ताक घेतलं नाही. आजीच्या ते लक्षात आलं असावं. ती गेली तेव्हा मी बावीस-तेवीसची होते.

तळ्याचं भांडण पुढे दहा वर्षं चाललं. नगरपालिकेनं ऑगस्ट १९२७ मध्ये आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली तेव्हा गावातल्या सवर्णांनी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आणलेला होता. बाबासाहेब आणि मंडळी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं निघाली आणि दासगावला उतरून महाडपर्यंत चालत आली. परिषदेला गावात जागा मिळेना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. २५ डिसेंबरच्या रात्री त्या जागेवर चंदनाची लाकडं रचून मनुस्मृती जाळली. ठराव मांडणाऱ्यांत गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते, म्हणजे ब्राह्मणच. त्या दहनाची आठवण म्हणून आज क्रांतिस्तंभ उभा आहे. तिथल्या दगडी शांततेत मी जाऊन बसते तेव्हा मनात ती दासगावची वाट येते, खाडीकडेची, खाजणाच्या वासाची. विष्णुपालितानं टाक्यांबरोबर वाटही दिली होती. यांना ती पायांनी पाडावी लागली.

मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादि काळापासूनची वहिवाट आहे, हे फिर्यादींना सिद्ध करता आलं नाही. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींत एक ब्रूमफिल्ड होते. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेही तेच. ‘वहिवाट’ या शब्दावर मी नेहमी अडखळते. किती घरगुती, किती पायाखालचा शब्द. आणि त्याच्या पोटात ‘वाट’ आहे.

गेल्या मार्चात मी मुद्दाम २० तारखेला आले. एरवी गर्दी असते म्हणून आम्ही गावची माणसं त्या दिवशी घरात असतो, हेही सांगून टाकते. पेठ पांढऱ्या साड्यांनी आणि निळ्या झेंड्यांनी भरली होती. पुस्तकांचे ढीग, उसाच्या रसाची घुंगरं, लाउडस्पीकरवरून एकमेकांत मिसळणारी दोन गाणी. दुकानासमोर भावानं पाण्याचं पिंप भरून ठेवलं होतं, वर साखळीला बांधलेला पेला. मी त्या पिंपाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. भाऊ म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही. साखळी काढ.” त्यानं काढली.

तळ्याच्या पायऱ्यांवर उभं राहायला जागा नव्हती. लोक उतरत होते, पाण्याला हात लावत होते, तो डोळ्यांना लावत होते. कुणी घोटभर पीत होते, कुणी बाटल्या भरून घेत होते. माझ्या पुढे एक सत्तरीच्या पुढची बाई, हातात औषधाची रिकामी बाटली, दोन पायऱ्या उतरून अडली.

“ताई, जरा हात द्या मला. गुडघे लई दुखायलेत.”

मी हात दिला. तिच्या तळहाताची कातडी धसकटांनी चिरलेली होती, माझ्या बोटांना ती खरखर लागली. एकेक पायरी करत आम्ही उतरलो. तिनं बाटली भरली, बूच घट्ट लावलं, पदराला पुसून पिशवीत ठेवली. मग एक हात पायरीवर टेकून वाकली आणि दुसऱ्या हातानं पाणी प्यायली. एकच घोट. तोंड न पुसता वर माझ्याकडे बघून विचारलं,

“तुमी कुठल्या?”

“इथलीच.”

“इथल्याच?” तिचे डोळे मोठे झाले. “मंग तुमचं बरं हाय बाई. तुमाला रोजच हाय हे पाणी.”

पन्नास वर्षांत मी त्या तळ्याचं पाणी एकदाही प्यायले नव्हते. आमच्याकडे नळ होता.

गर्दीतून कुणीतरी तिला हाक मारली. ती माझा खांदा धरून उठली, “येते बाई” म्हणाली आणि पिशवी छातीशी धरून वर चढत गेली. मी तिथेच पायरीवर बसले. जिथे तिनं हात टेकला होता तिथे काळ्या दगडावर ओला पंजा उमटला होता, मधल्या बोटाजवळ जरा फाकलेला. ऊन चढलं होतं. आधी बोटं वाळली, करंगळीपासून. मग तळवा.